द्वारपालाचा अपराध

श्रीमद्भागवताच्या तिसऱ्या स्कंधात वैकुंठाच्या जय-विजय या द्वारपालांची जी कथा आली आहे, ती आपल्याकडे बहुधा शापाची आणि उद्धाराची कथा म्हणूनच सांगितली जाते. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण आणि शिशुपाल-दंतवक्र ही तीन जन्मांची परंपरा एकदा सांगून झाली की कीर्तनकार पुढच्या आख्यानाकडे वळतो, आणि मूळ प्रसंगातला नीतीचा प्रश्न श्रोत्यांच्या मनात रुजण्याआधीच मागे पडतो. सनकादिक चार कुमार, जे ब्रह्मदेवाच्या ज्येष्ठ पुत्रांपैकी असूनही दिसावयास पाच वर्षांच्या दिगंबर बालकांसारखे होते, ते सहा द्वारे विनासायास ओलांडून सातव्या द्वाराशी आले, आणि तेथे हातातले वेत्र आडवे धरून या दोघांनी त्यांना अडविले. शाप झाला, आणि मग स्वतः भगवान लक्ष्मीसह पायी चालत बाहेर आले. नियम काय होता आणि तो कितपत पाळला गेला, याची चौकशी करीत ते बसले नाहीत. सेवकाच्या हातून अपराध घडला की लोक नाव धन्याचे घेतात, तेव्हा हा अपराध माझाच, असे मानून त्यांनी त्या बालरूप ऋषींची क्षमा मागितली. दारावर कोणास उभे केले, कोणत्या आज्ञेने उभे केले आणि त्या आज्ञेत विवेकाला किती जागा ठेवली, या सगळ्याचे दायित्व घराच्या धन्यावर येते, हा या प्रसंगाचा आशय मला शापकथेहून अधिक मोलाचा वाटतो.

हा प्रश्न आज फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावीही उभा राहतो. छत्रपती संभाजीनगरच्या दिल्ली दरवाजातून उत्तरेस निघावे, हर्सूल आणि चौका मागे टाकावे, म्हणजे अजिंठ्याकडे जाणाऱ्या सडकेवर हे गाव लागते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या या मुलखातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात परवाना, दाखला, करोडगिरीचा नाका हे शब्द असत, आणि आता त्यांच्या नातवंडांच्या बोलण्यात लॉगिन, ओटीपी आणि पासवर्ड हे शब्द आहेत. अशा गावातल्या एखाद्या अभ्यासिकेची कल्पना करावी. स्पर्धापरीक्षेची तयारी करणारी मुले-मुली सकाळपासून तेथे येऊन बसतात. वाय-फायचा एकच सामाईक पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवण्याची रीत सोडून देऊन प्रत्येक सभासदाला त्याच्या स्वतःच्या नावाने प्रवेश द्यावा असे चालकांनी ठरविले, की ज्याच्याकडे हे काम सोपविले जाते त्या कारभाऱ्यासमोर एक निवड येऊन ठाकते: प्रवेशाचे नियम कोणत्या साधनाने लिहावयाचे? ही निवड तंत्रज्ञाची खासगी बाब आहे, सोयीचे असेल ते घ्यावे, असे सामान्यतः समजले जाते. मला तसे वाटत नाही. आणि का वाटत नाही ते सांगण्यापूर्वी या यंत्रणेची रचना थोडी समजून घेणे अगत्याचे आहे.

भिंतीवरचा वाय-फायचा डबा स्वतः काहीच ठरवीत नाही. दाराशी आलेल्याचे नाव आणि खूण तो आतल्या सर्व्हरकडे पाठवितो, आणि सर्व्हर सांगेल त्याप्रमाणे दार उघडतो किंवा बंद ठेवतो. या विचारण्या-सांगण्याची जी रीत जगभर रूढ आहे तिला रेडियस म्हणतात. अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस या कंपनीने ती १९९१ मध्ये, टेलिफोनच्या तारेवरून जोडून घेणाऱ्यांसाठी बसविली, १९९७ मध्ये ती सर्वांसाठी लेखी प्रसिद्ध झाली, आणि जून २००० मध्ये सुधारून निघालेला मसुदा आजही आधारभूत मानला जातो. सर्व्हरकडे कामे तीन: आलेला कोण हे पडताळणे, त्याला काय करू द्यावयाचे हे ठरविणे, आणि त्याने काय वापरले याचा हिशेब ठेवणे. १९९९ मध्ये सुरू झालेला फ्रीरेडियस हा विनामूल्य सर्व्हर ही तिन्ही कामे करतो आणि लहान संस्थांना तो सहज परवडतो. आता निवड अशी की, त्याचे नियम साध्या मजकुराच्या फायलींत हाताने लिहून ठेवावेत. किंवा त्याच्यावर डॅलोरेडियससारखे एखादे पॅनेल चढवून रकाने भरीत आणि बटणे दाबीत ते राखावेत. किंवा हे दोन्ही सोडून, गावातल्या नेटवाल्याने राउटर बसविताना त्याच्याच पडद्यावर जे काही मांडून दिले असेल त्यावर निभावून न्यावे. तिसऱ्या मार्गाविषयी फार लिहिण्यासारखे नाही; त्यात चालक किल्ली परक्याच्या हाती देऊन मोकळे होतात. खरा विचार पहिल्या दोहोंचा.

मजकुराची फाइल जवळून पाहण्यासारखी असते. तीत सभासदाचे नाव ओळीच्या अगदी आरंभी लिहितात, त्याच ओळीत त्याने कोणती खूण पटवावयाची ते येते, आणि त्याखालच्या ओळी किंचित आत सरकवून त्याला काय मिळावयाचे ते नमूद करतात. सर्व्हर ही फाइल वरून खाली वाचीत येतो आणि जेथे पहिली जुळणारी नोंद सापडेल तेथे थांबतो. पुढेही वाचावे असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच पुढे जातो. परिणाम असा की, त्याच ओळी, त्याच शब्दांत, केवळ क्रम बदलून लिहिल्या तर न्याय बदलतो: सर्वांना नाकारावे अशी सरसकट ओळ वर गेली तर तिच्याखाली नावानिशी दिलेली सगळी मुभा निष्फळ होते. ज्याने ही फाइल स्वतः लिहिली त्याला आपण कोणाला कोणाच्या आधी ठेविले हे दिसत असते, आणि प्रत्येक ओळीच्या वर चौकटीचे चिन्ह घालून तिचे कारण आणि तारीख तो मराठीत लिहून ठेवू शकतो. सर्व्हर ते वाचीत नाही, पण पुढचा माणूस वाचतो. पॅनेलमध्ये हीच माहिती तक्त्यांत जाऊन बसते. तेथे नाव असते, खूण असते, मुदत असते. परंतु अमुक माणसाची मुभा काल का काढून घेतली, हे त्या ओघात लिहिले जाईल अशी रचना नसते, कारण बटण दाबताना आपण का दाबतो आहोत हे कोणी विचारीत नाही.

येथे कोणी सहज असा निष्कर्ष काढील की फाइल चांगली आणि पॅनेल वाईट. तो निष्कर्ष मला घाईचा वाटतो, आणि त्याच्या विरुद्ध पक्षात इतके बळ आहे की त्याला पुरता अवकाश दिल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. फायलीची भाषा इंग्रजी, तिची विरामचिन्हे काटेकोर, एक कंस चुकला तर सर्व्हर उभा राहत नाही. तेव्हा अभ्यासिकेतल्या दहा माणसांपैकी एकालाच ती कळते, आणि तो एक जण हा हा म्हणता नवा शास्त्री होऊन बसतो. त्याच्याशिवाय कोणाला नवा सभासद घेता येत नाही, त्याच्याशिवाय कोणाची अडचण दूर होत नाही, आणि तो सांगेल तोच नियम. उलट पॅनेल समोर असले की ग्रंथपालबाई स्वतः नाव घालतात, स्वतः मुदत वाढवितात; त्यांना कोणाच्या पाया पडावे लागत नाही. ज्या मराठवाड्यात शास्त्राची किल्ली मूठभरांच्या कनवटीला राहिल्याने पिढ्यान्पिढ्या काय भोगावे लागले याची स्मृती अजून ओली आहे, तेथे ज्ञानाचा असा नवा मक्ता उभारणाऱ्या साधनाची बाजू घेताना लेखणी थबकली पाहिजे.

पण लोकांच्या हाती ज्ञान देण्याची आपल्याच परंपरेतली जी सर्वांत थोर कृती आहे, ती नेमकी कशी घडली हे पाहिले म्हणजे या विरुद्ध पक्षाची मर्यादाही कळते. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला गीता मराठीत आणली. सातशे श्लोकांचा आशय मांडण्यासाठी त्यांनी सुमारे नऊ हजार ओव्या खर्ची घातल्या. सामान्य श्रोत्याला तत्त्व झेपणार नाही, त्याला केवळ काय करावे आणि काय करू नये एवढीच यादी द्यावी, असा विचार त्यांनी केला असता तर सातशेचे सत्तर झाले असते. त्यांनी विस्तार केला, कारणे दिली, दृष्टान्तावर दृष्टान्त रचले. सोपे करणे म्हणजे कारण दृष्टीआड करणे असे त्यांनी मानले नाही. पॅनेल जे सोपेपण देते ते दुसऱ्या जातीचे आहे. त्याने हात सुटतो, परंतु समजूत जेथल्या तेथे राहते. ग्रंथपालबाईंना बटण मिळते, पण एखाद्या मुलाला प्रवेश का मिळत नाही असे त्यांना विचारले तर त्यांच्यापाशी, पडद्यावर लाल अक्षरे येतात एवढेच उत्तर असते. म्हणजे शास्त्री तसाच राहिला. फक्त तो दिसेनासा झाला.

अधिकार या कल्पनेचा येथे विचार करणे मला अपरिहार्य वाटते. वेदान्ताच्या ग्रंथाला चार अनुबंध सांगितले आहेत आणि त्यांत पहिला अधिकारी: हे ज्ञान कोणासाठी आहे, याचा निर्णय विषयाच्याही आधी. या अधिकाराचे दोन अर्थ आपल्याकडे शेजारी शेजारी नांदत आले. एक अर्थ अंतरंगाचा: ज्याला नित्य काय आणि अनित्य काय हे कळू लागले, ज्याच्या ठिकाणी वैराग्य आणि शम-दम आहेत, ज्याला मोक्षाची तळमळ लागली आहे, तो अधिकारी. दुसरा अर्थ बहिरंगाचा: जन्म अमुक कुळात, उपनयन झालेले, म्हणून अधिकारी, आणि ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच अध्यायातले अपशूद्राधिकरण या दुसऱ्या अर्थाचा आधार होऊन राहिले. असे का झाले याची ऐतिहासिक कारणे पुष्कळ दाखविता येतील. पण एक कारण दाराच्या स्वरूपातच आहे. अंतरंगाची योग्यता द्वारपालाला पाहता येत नाही. त्याला चिन्ह पाहता येते: वेष, नाव, गोत्र, दाखला. सातव्या द्वारी उभ्या असलेल्या जय-विजयांना चार कुमारांचे ज्ञान दिसले नाही, त्यांची नग्न बाल्यावस्था दिसली. जेथे जेथे दारावर पहारा बसतो तेथे तेथे योग्यतेची जागा चिन्ह घेते, आणि काही काळाने चिन्ह हीच योग्यता असे पहारेकरी मानू लागतो. पासवर्ड हे असेच चिन्ह आहे. ते ज्याच्याजवळ आहे तो सभासद, ज्याच्याजवळ नाही तो परका. मग तो परका सकाळी सात वाजल्यापासून त्याच खुर्चीवर बसून वाचीत असला तरीही.

पंढरपूरच्या महाद्वाराशी चोखोबांना जे सोसावे लागले त्याच्याशी वाय-फायच्या नकाराची तुलना करणे मी औचित्याला सोडून मानतो. एकीकडे सबंध मनुष्यत्वाचा नकार होता, दुसरीकडे तास-दोन तासांची गैरसोय आहे. तथापि नकार कसा टिकतो, याची जी यंत्रणा त्या दाराशी दिसते ती शिकण्यासारखी आहे. चोखोबांना कोणी अडविले असे विचारीत गेले तर बडवे शास्त्राकडे बोट दाखवीत, शास्त्री परंपरेकडे, आणि परंपरा कोणाकडेच बोट दाखवीत नसे. नकार होता, पण नाकारणारा सापडत नव्हता; आणि जो अपराध कोणाच्याच नावावर नाही तो शतकानुशतके चालू राहू शकतो. नाशिकला २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तो पुढे काही वर्षे चालला. पंढरपूरला मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा कुठे विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. या दोन्ही लढ्यांचे सामर्थ्य मला यात दिसते की, त्यांनी नकाराला चेहरा द्यावयास भाग पाडले. दार कोणी बंद ठेवले आहे, ते आता नाव घेऊन सांगा, असे त्यांनी विश्वस्तांना, पुजाऱ्यांना आणि सरकारलाही विचारले.

आज नकाराचा चेहरा पुन्हा पुसला जातो आहे, आणि ते काम यंत्राकडून होते आहे. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा ठेवणारी म्हातारी माणसे मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात दिसतात. कापूस वेचून, निंदणी-खुरपणी करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांना दुकानदार म्हणतो, अंगठा उठत नाही, मावशी, उद्या या. किंवा म्हणतो, सर्व्हर डाऊन आहे. त्याचे बोलणे खोटे नसते. परंतु मावशींना धान्य कोणी नाकारले या प्रश्नाला त्या दुकानात, त्या तालुक्यात, कदाचित त्या जिल्ह्यातही कोणी उत्तर द्यावयास तयार नसतो. अभ्यासिकेचा कारभारी जेव्हा साधन निवडतो तेव्हा तो लहान प्रमाणावर हीच गोष्ट ठरवीत असतो: आपल्या दारी नकार मिळालेल्या माणसाला उत्तर देणारे कोणी असेल की नसेल.

येथे तंत्राच्या बारकाव्यांत शिरले की मनाला उभारी देणारी एक गोष्ट हाती लागते. रेडियसचा मसुदा लिहिणाऱ्यांनी नकाराच्या उत्तरात कारण लिहिण्याची सोय अगदी आरंभापासून ठेविली आहे. सर्व्हर नाही म्हणतो तेव्हा त्या उत्तराबरोबर माणसाला वाचता येईल असा एक निरोप पाठविता येतो, आणि त्या निरोपाला २५३ बाइट्सची जागा आहे. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह प्रचलित पद्धतीत तीन बाइट्स घेते. म्हणजे मात्रा-वेलांट्यांसह सुमारे चौऱ्यांशी चिन्हे त्यात मावतात. 'तुमच्या सभासदत्वाची मुदत संपली आहे. ग्रंथपालांना भेटा,' एवढे वाक्य तेथे सहज बसते आणि वर जागा उरते. वाय-फायच्या काही कडक पद्धतींत मोबाइल हा निरोप वापरणाऱ्याला दाखवीत नाही हे खरे, पण ज्या ठिकाणी आधी एक पान उघडून त्यावर नाव-पासवर्ड विचारला जातो तेथे तो दाखविता येतो. इतके असून बहुतेक ठिकाणी ही जागा रिकामीच पाठविली जाते, आणि मुलाला पडद्यावर फिरणारे चक्र तेवढे दिसते. कारण सांगण्याची मुभा होती. कोणी सांगितले नाही.

त्याच फ्रीरेडियसमध्ये दुसरीही एक तरतूद आहे: नकार द्यावयाचा असला तर सर्व्हर तो लगेच न देता एक सेकंद थांबून देतो. पासवर्ड भराभर आजमावून पाहणाऱ्या चोराचा वेग मंदावावा एवढाच तिचा हेतू. चोरासाठी ठेवलेली ही एका सेकंदाची अडकाठी विसरभोळ्या सभासदालाही तितकीच लागू होते. आणि तिसरी तरतूद अशी की, ज्या डब्याशी सर्व्हरची आधी गुप्त खूण ठरलेली नाही त्याच्या विचारण्याला सर्व्हर काहीच उत्तर देत नाही. होय नाही, नाही नाही, केवळ मौन. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण अनोळखी हाकेला ओ देणे म्हणजे आपण येथे आहोत हे सांगणे. परंतु दाराबाहेरच्या माणसाला नकार आणि मौन यांतला भेद कळण्याचा काही उपाय नसतो, आणि तो जाणणारा माणूस जवळपास नसेल तर ते मौन दिवसेंदिवस चालू राहते.

हिशेबाच्या बाबतीत तर साधनाच्या मूळ मांडणीतच एक कल दिसतो. जो आत आला तो किती वेळ बसला आणि त्याने किती वापरले याची नोंद व्यवस्थित राहते. जो बाहेर राहिला त्याची नोंद ठेवण्याचा पर्याय फ्रीरेडियसच्या मुख्य फायलीत बंद ठेवूनच दिलेला असतो, तो हेतुपूर्वक चालू करावा लागतो. तक्त्यांच्या साठ्यात प्रत्येक होकार-नकार टिपण्यासाठी जो तक्ता पुरविला आहे, त्यात नाव, दिलेला पासवर्ड, उत्तर आणि वेळ यांना रकाने आहेत. कारणाला रकाना नाही. जो पासवर्ड टिपून ठेवणे धोक्याचे तो टिपला जातो, आणि जे कारण टिपणे न्यायाचे ते टिपले जात नाही. फुलंब्रीपासून फार दूर नसलेल्या देवगिरीच्या किल्ल्यावर, जेथे जनार्दनस्वामी किल्लेदार होते, तेथे तरुण एकनाथ त्यांच्या दफ्तराचा हिशेब पाहत असत, आणि एका पैची चूक सापडेना म्हणून त्यांनी रात्रभर दिवा जाळला, अशी कथा परंपरा सांगते. ती कथा एकाग्रतेचा बोध म्हणून सांगतात. मला तिच्यात आणखी एक गोष्ट जाणवते, ती ही की चूक सापडली कारण वही होती. ज्या गोष्टीची वहीच नाही तिच्यातली चूक कोणताही एकनाथ रात्रभर बसला तरी त्याला सापडणार नाही.

दारच नको, सर्वांना मोकळे सोडावे, हे उत्तर मी देऊ शकत नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या वेळी धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरातील उघड्या वाय-फायवरून पाठविला गेला, आणि ज्या गृहस्थाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता त्याला चौकशीला तोंड द्यावे लागले. दार उघडे टाकण्याची किंमत अनेकदा भलताच माणूस मोजतो. बौद्ध वाङ्मयात संयुत्तनिकायात सीमेवरच्या नगराचा एक दृष्टान्त येतो. त्या नगराच्या वेशीवर एक शहाणा द्वारपाल असतो, तो अनोळखी माणसाला अडवितो, ओळखीच्याला आत घेतो, आणि भगवान बुद्ध त्या द्वारपालाला स्मृती, म्हणजे सततची सावधानता, असे नाव देतात. दार राखणे हे तेथे जागृतीचे कर्म आहे. वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्यात, ज्याला लोक धुमार लेणे म्हणतात, गर्भगृहाला चारी दिशांना चार दारे आहेत आणि प्रत्येक दाराच्या दोन्ही बाजूंस मनुष्याहून कितीतरी मोठे द्वारपाल उभे आहेत. चारी बाजूंनी मोकळे असलेले देवालय आणि इतका पहारा, हे दोन्ही त्या शिल्पकारांना एकत्र कल्पिता आले. माझी हरकत पहाऱ्याला नाही. जागृती नसलेल्या पहाऱ्याला आहे, आणि बटणांचे पॅनेल जागृतीवाचून पहारा चालविणे फार सुलभ करून ठेवते.

राज्यसंस्थेच्या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन यांच्या खटल्यात मांडले. इंटरनेट बंद करण्याचे हुकूम सरकारने प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे ज्यांना ते जाचक वाटतात त्यांना दाद मागता येईल, असा त्या निर्णयाचा एक भाग आहे. लेखी नसलेल्या आणि कोणी न पाहिलेल्या हुकुमाविरुद्ध दाद तरी कोठे मागावयाची? अभ्यासिका काही सरकार नव्हे. परंतु ज्या मुलीला घरी नेट नाही आणि जिच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत आज रात्री संपते, तिच्या दृष्टीने त्या घटकेपुरती ती अभ्यासिकाच सरकार असते.

तेव्हा माझा कौल असा आहे. नियमांचे मूळ मजकुराच्या फायलीत असावे, आणि त्या फायलीत प्रत्येक मनाईच्या वर मराठीत कारण, तारीख आणि ठरविणाऱ्याचे नाव असावे. फाइल बदलली की जुनी प्रत राहावी, म्हणजे कोणी, केव्हा, काय बदलले हे मागे जाऊन पाहता येईल. २००५ मध्ये लिनस तोरवाल्ड्स यांनी रचलेले गिट हे साधन या रुजुवातीसाठी आज सर्वत्र वापरतात आणि ते शिकावयास फार दिवस लागत नाहीत. नवे नाव घालणे, मुदत वाढविणे अशा नित्याच्या कामांसाठी पॅनेल ग्रंथपालबाईंच्या हाती जरूर द्यावे; पण कोणाला कायमचे बाहेर ठेवण्याचा अधिकार पॅनेलकडे नसावा, तो फायलीतच राहावा, जेथे हात घालावयाचा तर लिहावे लागते. कारभाऱ्याने ती फाइल निदान दोघांना समजावून दिली पाहिजे. हे केले नाही तर मी वर ज्याची भीती बोलून दाखविली तो शास्त्री खरोखरच जन्माला येतो, आणि मग पॅनेलवाल्यांचा पक्ष बिनतोड ठरतो. नकारांची नोंद चालू करावी, पासवर्डाचे टिपण बंद ठेवावे, आणि निरोपाच्या त्या चौऱ्यांशी चिन्हांत खरे कारण लिहावे.

याला श्रम पडतात, आणि श्रमांविषयीची तक्रार खरी आहे. तालुक्याच्या गावातली हुशार मुले असले काम शिकतात आणि वर्षा-दोन वर्षांत पुण्याला नोकरीस निघून जातात. पॅनेल विकत घेणारा चालक म्हणतो की, निदान बटण तरी मागे राहते. पण मागे काय राहते याचाच विचार करावयाचा तर, नव्या माणसाला बटणावरून आधीच्याचा हेतू कधीच कळत नाही. फायलीत एक जुनी ओळ दिसते, तिच्यावर लिहिलेले असते की अमुक सभासदाने आपला पासवर्ड बाहेरच्या चौघांना वाटला म्हणून मनाई केली, समज दिली आहे, परीक्षेनंतर पुन्हा विचार करावा. आणि परीक्षा तर केव्हाच होऊन गेलेली असते. मग नवा कारभारी त्या सभासदाला बोलावून घेतो, त्याचे म्हणणे ऐकतो आणि ती ओळ काढून टाकताना तिच्या जागी आपले नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहितो.